राजगड–तोरण्याच्या धारेवर पळायचंय, तर आधी गडाची वाट ओळखा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला एक धावपटू, रस्त्यावरची हाफ मॅरेथॉन 2 तास 10 मिनिटांत पूर्ण करतो. सिंहगड चार-पाच वेळा चढलाय. येत्या डिसेंबरात राजगडावरून तोरण्यापर्यंत धारेने, म्हणजे दोन गडांना जोडणाऱ्या डोंगराच्या कण्यावरून, पळत जायचा बेत आहे. हातात तीन महिने आहेत. कोणत्या वाटांवर सराव करावा, किती वेळ धरावा, आणि हे जमेल का?

जमेल. 2 तास 10 मिनिटांत हाफ पूर्ण करणाऱ्याचा दम या वाटेला पुरतो. कमी पडतात ते पाय, आणि त्याहून जास्त कमी पडते ती वाटेची ओळख. म्हणून पहिली अट आत्ताच सांगतो: पळण्याआधी ही धार एकदा पूर्ण चालून या. पाठीवर सॅक, सोबत दोन माणसं, घड्याळाकडे न बघता. ते न करता थेट पळायला जाणार असाल तर पुढचं सगळं वाचूनही फारसा उपयोग नाही.

असं का, ते सांगतो. रस्ता लोकांना लवकर पोचवण्यासाठी बांधतात. गडाची वाट नेमकी उलट विचाराने आखलेली आहे. वर येणाऱ्याचा वेग मोडावा, त्याला धाप लागावी, शेवटच्या टप्प्यात तो तटावरच्या माणसाच्या माऱ्यात यावा, हा तिचा हेतू. रायगडाचा महादरवाजा आठवा. दोन बुरुजांच्या कवेत लपलेला, अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. या गोमुखी रचनेत वाट शेवटी अशी वळते की दरवाजासमोर धाव घ्यायला जागाच उरत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी जे शत्रूच्या तुकडीला लागू होतं तेच आज तुमच्या पायांना लागू आहे. पायऱ्यांची उंची सारखी नाही, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी. तिथे लय धरून पळायला गेलात की मांड्या दहा मिनिटांत भरून येतात. दरवाजाजवळ सगळ्यांनी चालायचं, पट्टीच्या धावपटूनेसुद्धा.

मग पळायचं कुठे? सह्याद्रीतली बहुतेक गडवाट एकाच क्रमाने उलगडते. गावातून निघालं की शेताच्या बांधाबांधाने जाणारी मऊ वाट, मग झाडीचा पदर, मग उघडी सोंड (डोंगराची खाली उतरत आलेली धार), मग कातळ आणि पायऱ्या, मग दरवाजा, आणि आत माचीचा लांब सपाट पट्टा. यातला बांध आणि पदर हा पळण्याचा भाग. सोंडेवर चढ सौम्य असेल तिथे पळा, छातीवर येईल तिथे चाला. कातळ-पायऱ्या पूर्ण चालत. माची पळण्यासारखी दिसते, आणि मोह तिथेच होतो, पण तिच्याबद्दल माझं मत वेगळं आहे, ते पुढे सांगतो. हा क्रम डोक्यात बसला की अनोळखी गडावरही दुरून नुसतं बघून कळतं, कुठे वेळ मिळेल आणि कुठे जाईल.

आता हिशेब. डोंगरातलं अंतर किलोमीटरने मोजू नका. डोंगरात पळणारे साधा आडाखा वापरतात: दर 100 मीटर चढ म्हणजे 1 किलोमीटर सपाट. पाली गावातून राजगड, तिथून धारेने तोरणा आणि खाली वेल्हे, हे सगळं मिळून 18 किलोमीटर आणि 1,200 मीटर चढ धरा. घड्याळागणिक आकडा थोडा इकडे-तिकडे होतो. म्हणजे मेहनत झाली 30 किलोमीटरची. तुमचा हाफचा वेग किलोमीटरला सव्वासहा मिनिटांच्या आत आहे. त्या वेगाने 30 किलोमीटर म्हणजे तीन तास पाच-दहा मिनिटं. पण या हिशेबात पायाखालची जमीन धरलेली नाही. घसारा (पायाखाली निसटणारी सैल माती-खडी), कातळटप्पे, वाट शोधणं, माणसांना जागा देणं हे सगळं धरून त्यात निम्म्याहून जास्त वेळ मिळवा. पहिल्या खेपेला पाच ते साडेपाच तास. कोणी तीन तासांत झालं म्हणून सांगत असेल तर तो ही वाट वीसेक वेळा गेलेला असतो, त्याच्याशी बरोबरी लावू नका.

डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो. साडेसहाला, नुसतं तांबडं फुटलेलं असताना पायथ्यावरून निघालात तर दुपारी बाराच्या सुमारास वेल्ह्यात असाल. त्यानंतर धारेवर सावली मिळत नाही.

सरावासाठी सिंहगड तुमच्या दाराशी आहे, त्याचा नीट उपयोग करा. आतकरवाडीच्या पायथ्यापासून पुणे दरवाजापर्यंत सुमारे 600 मीटर चढ आहे, आणि अंतर तीन किलोमीटरच्याही आत. इतका सलग चढ शहराजवळ दुसरा नाही. पुण्यातली निम्मी मंडळी तिथे वेळ लावून चढतात, आणि तिथेच गफलत होते. वर पोचले, वेळ बघितली, दही-ताक घेतलं, आणि गाडीने किंवा रमतगमत खाली. तुम्हाला सराव हवा आहे तो उतरायचा. आठवड्यातून एकदा सिंहगड करणार असाल तर चढ बोलता येईल इतक्या संथ दमाने चाला, आणि उतार सगळं लक्ष लावून पळा. पाच-सहा आठवड्यांनी एका सकाळी दोनदा चढा-उतरा. दोनदा म्हणजे 1,200 मीटर, राजगड–तोरण्याएवढाच चढ. ते करून दुसऱ्या दिवशी जिना नीट उतरता आला तर पाय तयार झाले असं समजा.

चढताना हात मांडीवर टेकवून चालायला लाजू नका. वाकून, तळवा गुडघ्याच्या वर, पाऊल टाकताना हाताने मांडी खाली दाबायची. गावातली माणसं डोक्यावर ओझं घेऊन याच चढाने येतात. त्यांचं पाऊल बघा: लहान, सपाट पडणारं, एकाच ठेक्यात, आणि मध्ये थांबत नाहीत. दोनशे मीटर पळून एक मिनिट धापा टाकण्यापेक्षा हे चालणं वेळेतही पुढे जातं.

उताराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण अपघात बहुतेक उतरतानाच होतात. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत-लांबत भार पेलतात. सवय नसेल तर त्यात बारीक इजा होते, आणि खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटतं. चांगली गोष्ट अशी, की एकदा तो ताण घेतलेला स्नायू पुढच्या वेळी बराच तगतो. म्हणूनच उतार थोडा-थोडा, पण नेमाने करायचा. महिन्यातून एकदा प्रचंड उतार मारून काही साधत नाही.

तंत्र म्हणाल तर: पाऊल लहान, आपल्या शरीराच्या खाली पडणारं. लांब ढांग टाकून टाच रोवली की गुडघा आपटतो आणि पाय पुढे सरकतो. अंग मागे टाकू नका. भीती वाटली की सगळे मागे रेलतात, आणि मागे रेललं की मुरुमावर पाय हमखास निसटतो. हात कोपरातून उघडे, तोल सांभाळायला. नजर तीन-चार पावलं पुढे. सह्याद्रीच्या सोंडांवर कातळावर मुरुमाची बारीक खडी पसरलेली असते, ती बुटाखाली छऱ्यांसारखी फिरते. तिथे वाटेच्या मधोमध न जाता कडेच्या गवताच्या बुंध्यांवर पाय द्या, किंवा उघड्या खडबडीत कातळावर. बेसाल्ट कोरडा असेल तर त्याच्यासारखी पकड कुठेच नाही. तोच ओला आणि शेवाळलेला असेल तर महागातल्या बुटाचाही इलाज चालत नाही.

बूट घेताना एवढंच बघा की तळाला खोल खाचा आहेत आणि पुढे अंगठ्याला अर्धा बोटभर जागा आहे. उतारावर पाय पुढे सरकतो आणि घट्ट बुटात नखं काळी पडतात. रस्त्याच्या बुटांनी सिंहगड होईल, तोरण्याचा उतार नाही.

मधल्या दिवसांसाठी वेताळ टेकडी पुरेशी आहे. तिथे दीड-दोन तास वरखाली, घड्याळ न बघता. पर्वतीच्या 103 पायऱ्या पावसाळ्यात चढायला बऱ्या, पण त्या रुंद आणि ठेंगण्या आहेत, गडाच्या पायऱ्यांची सवय त्यांनी लागत नाही.

दुसऱ्या महिन्यात लोहगड करा. पहिला खरा गड म्हणून मी सगळ्यांना हाच सुचवतो. पुण्याहून लोणावळा लोकलने मळवली, तिथून भाजे गाव, वर गायमुख खिंड, आणि डावा-उजवा विसापूर-लोहगड. गाडी नको, की रात्रीचा प्रवास नको. स्टेशनपासून लोहगडाच्या माथ्यापर्यंत एका बाजूने सात-आठ किलोमीटर होतात आणि त्यातला बराच भाग खरोखर पळता येतो. भाज्याची लेणी वाटेवरच आहेत, इसवीसनाच्या आधीची. परतताना दहा मिनिटं त्या चैत्यगृहात उभे राहा. घामेजलेल्या अंगाला तिथला गारवा लागतो तेव्हा कळतं, की बोरघाटाच्या या वाटांवर माणसांची ये-जा दोन हजार वर्षांपासून का आहे. लोहगडावर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दारं एकावर एक येतात आणि त्यांच्यामधली वाट सापासारखी वळते. वर जे गोमुखी रचनेबद्दल लिहिलं ते इथे पायांनी समजतं. फक्त शनिवार-रविवारी सकाळी नऊनंतर जाऊ नका, गर्दीत पळणं धोक्याचं होतं, तुम्हालाही आणि लोकांनाही.

कात्रज ते सिंहगड मात्र तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला, त्याआधी नको. जुन्या कात्रज बोगद्यापासून निघालं की एकामागून एक टेकाडं, चढ संपला की उतार, उतार संपला की लगेच चढ. सुमारे 15 किलोमीटर. लोक पौर्णिमेच्या रात्री चालत जातात, तुम्ही पहाटे निघा. उंची कुठेच फार नाही, पण प्रत्येक टेकाडाचा उतार घसाऱ्याचा आणि तिरका. राजगड–तोरण्याच्या धारेचा हा सगळ्यात जवळचा सराव. वाटेत पाणी नाही, दोन लिटर अंगावर हवं.

आता मूळ वाटेकडे.

राजगडावर पाली दरवाजाने चढा. गुंजवण्याहून चोरदिंडीने येणारी वाट जवळची असली तरी शेवटी उभी आहे, रेलिंग धरून चढावं लागतं, आणि सुट्टीच्या दिवशी तिथे रांग लागते. पालीची वाट हा जुना राजमार्ग, पायऱ्या रुंद, दोन भक्कम दरवाजे, चढ एका लयीत होतो. शिवाजी महाराजांनी आधी तोरणा घेतला, मग मुरुंबदेवाच्या डोंगरावर हा गड बांधला, आणि राजधानी रायगडावर जाईपर्यंत पाव शतक कारभार इथून चालला. त्या काळी याच पायऱ्यांवरून राबता असे, हे मनात ठेवून चढलं तर तासाभराचा चढ जड जात नाही. निदान मला तरी जात नाही.

वर आल्यावर पद्मावती माचीवर दर्शन घ्या, पाणी प्या, बालेकिल्ला या खेपेला सोडा. तो स्वतंत्र दिवसाचा विषय आहे आणि त्याचा कातळटप्पा घाईने चढण्यासारखा नाही. मग संजीवनी माची. अडीच किलोमीटर लांब, टप्प्याटप्प्याने उतरत गेलेली, दुहेरी तटाची. तिथेच अळू दरवाजा आहे आणि तोरण्याची वाट त्यातून खाली पडते.

या उतरणीकडे नीट लक्ष द्या. माचीवरच्या मोकळ्या वाऱ्यातून तुम्ही एकदम तटाच्या सावलीत येता. डोळ्यांना अंधारी येते आणि पायाखाली तासलेल्या दगडांऐवजी ढासळलेल्या दगडांची रास लागते. दरवाजाबाहेर वाट तटाला चिकटून जाते आणि मग सोंडेवर उतरते. मी स्वतः इथे शंभर पावलं मोजून चालतो, मगच पळायला लागतो. सोबतच्या सगळ्यांनाही तेच करायला लावतो. दमाची घाई, मोठा उतार आणि समोर पसरलेला तोरणा, या तिन्हींची भुरळ एकदम पडते ती इथेच.

तिथून पुढे धार. कधी कारवीच्या रानातून, कधी उघड्या गवतातून वाट तोरण्याकडे सरकत राहते. मध्ये खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. हा रस्ता तुमचा निर्णयाचा टप्पा. पाणी अर्ध्याच्या खाली गेलं असेल, पाय मुरगळला असेल किंवा साडेदहा वाजून गेले असतील तर इथेच थांबा आणि रस्त्याने खाली उतरा. यापुढे तोरण्याच्या माथ्यापर्यंत सुटकेची सोपी वाट नाही. माझ्याबरोबरच्या दोघांना मी वेगवेगळ्या वर्षी इथून परत पाठवलं आहे. दोघांनी पुढच्या हिवाळ्यात धार पूर्ण केली.

खिंडीनंतरचा चढ तुकड्यातुकड्यांचा आहे. शेवटी बुधला माचीच्या अंगाला वाट भिडते, तिथे हात लावून चढायचे टप्पे आहेत. तोरणा 1,403 मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच गड, आणि प्रचंडगड हे त्याचं दुसरं नाव अगदी खरं आहे. माची संपली असं वाटतं तेव्हा मेंगाईच्या देवळापर्यंतची चाल अजून बाकी असते. देवळात दहा मिनिटं बसा, मीठ-साखर घाला पोटात, मग बिनी दरवाजाने वेल्ह्याला उतरा. हा उतार लांब आणि घसाऱ्याचा आहे, आणि तुमच्या मांड्या तोवर थकलेल्या असतात. सगळ्या वाटेत इथे सगळ्यात हळू जा.

धारेवर वाट चुकते ती ढोरवाटांमुळे. एका ऑक्टोबरात माझंही तेच झालं. गवत छातीएवढं, मळलेली वाट दोन फाट्यांत फुटली. त्यातली रुंद आणि जास्त तुडवलेली वाट मी धरली, कारण पळताना पाय रुंद वाटेकडेच वळतात. ती हळूहळू उतरत गेली आणि कारवीत शिरली. कारवी म्हणजे माणसाच्या उंचीच्या काठ्यांचं रान, दोन हातांवरचं दिसत नाही. वीस मिनिटांनी कळलं की धार डोक्यावर उजव्या हाताला राहिली आहे. खाली एक घर दिसलं, तिथल्या मावशींनी तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाल्या, "दादा, ही गुरांची वाट हाय, वढ्याला जाती. आल्या वाटंनं परत वर जावा, मधनं घुसू नगा." मधून घुसायचाच माझा विचार होता. त्यांचं ऐकलं म्हणून दीड तासावर निभावलं. तेव्हापासूनचा नेम असा: धारेच्या वाटेवर सलग पाच मिनिटं उतार लागला आणि तो नकाशात नसेल, तर थांबायचं आणि शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत मागे जायचं. मोबाइलमध्ये जीपीएक्स फाइल (नकाशावर वाट दाखवणारी नोंद) आणि ऑफलाइन नकाशा हवाच, पण फाट्यावर उभं राहून बघा, पळता-पळता नाही.

मोसमाबद्दल. तुमचा डिसेंबर बरोबर आहे. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा या वाटांवर पळायचा काळ. ऑक्टोबरात गवत वाट झाकतं आणि ऊन भाजतं. मार्चपासून तेच गवत वाळून उतारावर काचेसारखं गुळगुळीत होतं, वणव्यांची भीती असते, टाकी आटतात. पावसाळ्यात धारेवर पळूच नका. धुकं उतरलं की दहा पावलांवरचा कडा दिसत नाही. शिवाय त्या दिवसांत गर्दीच्या गडांवर प्रशासनाचे बंदी आदेश निघतात, जाण्याआधी चौकशी करावीच लागते.

पाणी दोन लिटर, त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. नुसतं साधं पाणी पीत राहू नका, घामातून मीठ जातं आणि पाच तासांत ते जाणवतं. थंडीत तहान कमी लागते म्हणून दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट, ठरवून. खायला गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की, खजूर, आणि काहीतरी खारट. चार तासांनंतर गोड घशाखाली उतरत नाही, तेव्हा मुठभर भडंगाने जीव येतो. सुट्टीच्या दिवशी गडांवर लिंबूसरबत मिळतं, त्याच्या भरवशावर निघू नका. सॅकमध्ये शिट्टी, हेडलॅम्प, क्रेप बँडेज, पातळ विंडचीटर आणि थोडी रोकड. मोबाइलला रेंज असेल तिथून 112 लागतो.

कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, दरीत ओरडू नका, कड्याखाली घोळक्याने थांबू नका. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून त्या जागेपासून दूर निघायचं. थंडीच्या सकाळी दगडांवर घोणस ऊन खात पडलेली असू शकते, कातळटप्प्यावर हात टाकण्याआधी वर काय आहे ते बघा. दंश झालाच तर कापणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं काहीही न करता माणसाला शांत ठेवून सरकारी दवाखान्यात न्यायचं. घोणस, नाग, मण्यार आणि फुरसं या चौघांवर प्रतिसर्पविष चालतं. एकटे तर जाऊच नका.

आता माचीबद्दल जे म्हणालो होतो ते. मला माचीवर, तटावर, दरवाजांत पळणं मान्य नाही. राजगड आता जागतिक वारशाच्या यादीत आहे. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना ते स्थान दिलं, त्यात राजगड, लोहगड, रायगड, शिवनेरी आहेत. पण यादीत नसता तरी मी हेच म्हणालो असतो. संजीवनीच्या तटावरून पळतानाचे व्हिडिओ मी बघतो तेव्हा पोटात गोळा येतो. चुना झिजलेला आहे, वरचे दगड सुटे आहेत. एकेका बुटाचा धक्का किरकोळ वाटतो, पण एका हिवाळ्यात हजारो पावलं पडतात, आणि खाली पडलेला चिरा परत कोणी वर नेत नाही. तटाच्या आतून, मळलेल्या वाटेने, चालत जा. पंधरा मिनिटं जास्त लागतील. वाट दाखवायला तटाचे दगड रचू नका, कातळावर रंगाचे बाण काढू नका, फिती बांधल्यात तर त्याच दिवशी सोडवून आणा. टाक्यांत पाय बुडवू नका, ते कुणाच्या तरी पिण्याचं पाणी असतं. समाधीजवळ, सिंहगडावर तानाजी मालुसऱ्यांची असो वा राजगडावर सईबाईंची, घड्याळ थांबवून उभे राहा.

वाटेत चढणाऱ्याला आधी जागा द्यायची. मागून येत असाल तर दहा पावलं आधी आवाज द्या, "जय शिवराय, डावीकडून येतोय" एवढं पुरतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं दिसली की पळणं थांबवा.

इतर वाटांबद्दल दोन शब्द. पुरंदर लष्कराच्या हद्दीत आहे, ओळखपत्र लागतं आणि ठरावीक वेळेतच सोडतात, त्यामुळे पहाटेच्या सरावाला तो जमत नाही. साताऱ्याचा यवतेश्वर घाट डांबरी असला तरी लांब चढाचा दम कमवायला उत्तम, रस्त्यावरून डोंगराकडे वळणाऱ्याला मधला टप्पा म्हणून मी तो सुचवतो. सिंहगड–राजगड–तोरणा जोडणारी अल्ट्रा शर्यत डिसेंबरात होते, तिच्यातल्या छोट्या अंतरात पुढच्या वर्षी नाव घाला. तिथे खुणा, पाणी आणि मदतीला माणसं असतात.

आणि मग कधीतरी पन्हाळा ते पावनखिंड. 12 जुलै 1660 च्या रात्री महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. मसाई पठारावरून, मुसळधार पावसात, मावळ्यांनी पालखी खांद्यावर घेऊन धाव काढली, आणि घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले. आपल्याकडे धावण्याची वाट म्हणून याहून मोठी वाट मला माहीत नाही. पण ती पळायची घाई नको. जुलैतल्या मोहिमेत आधी दोन दिवस चालून करा. गुडघाभर चिखलात, भाताच्या खाचरांच्या बांधावरून, रात्रभर भिजून चाललात की त्या रात्रीचा वेग काय असेल याचा अंदाज पायांना येतो.

डिसेंबरच्या बेतात शेवटची गोष्ट परतीची. तुम्ही पालीला चढणार आणि वेल्ह्यात उतरणार, म्हणजे गाडी चुकीच्या बाजूला राहते. एक तर आदल्या संध्याकाळी पायथ्याच्या गावात मुक्काम करा आणि गाडी आणूच नका, किंवा गाडी वेल्ह्यात लावून पहाटे जीप ठरवून पालीला या. मी दुसरं करतो. जीपवाल्याला आदल्या दिवशी दुपारीच फोन करून पक्कं करा, आणि वेल्ह्याहून स्वारगेटला येणाऱ्या एसटीच्या वेळाही स्टँडवर विचारून कागदावर लिहून ठेवा, मोबाइलची बॅटरी तोवर संपलेली असते.